शापांची वही

घडीबाईला सहसा कशाची किळस येत नसे. धंदाच तसा होता. लाँड्रीत लोक काय काय आणून टाकतात! ओकारी झालेल्या चादरी, खाटकाच्या दुकानातले एप्रन, खानावळीतल्या टेबलांवरचे तेलकट कपडे, आजारी माणसांची अंथरुणं. ती नाक न मुरडता डाग बोटानं चाचपायची आणि गार पाणी की गरम, मीठ की साबण, ते ठरवायची. "डागावर रागवायचं नाही. त्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून," असं हाताखालच्या दोघी बायकांना शिकवायची. घरी तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पडून पडून पाठीची कातडी झिजलेली, तिच्या जखमा झालेल्या. त्यांचा वास खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्यानं घडीबाईचा घास कधी अडला नाही.

तिच्या पोटात पहिल्यांदा ढवळून आलं ते एका अतिशय स्वच्छ माणसाकडे बघून.

'घडीबाई' हे नाव चर्चमधल्या मंडळींनी ठेवलेलं. वेदीवरची वस्त्रं चौदा वर्षं तीच धूत होती, एक पैसा न घेता. त्यात एक चौकोनी पांढरं वस्त्र असतं, मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी द्राक्षारसाच्या प्याल्याखाली पसरायचं. त्याची घडी तीन उभ्या, तीन आडव्या अशी नऊ चौकटींची आणि आतल्या बाजूलाच पडावी लागते, कारण पवित्र भाकरीचा एखादा कण त्यात राहिला असेल तर तो सांडता कामा नये. प्याला पुसायच्या फडक्याचं पहिलं पाणी गटारात ओतायचं नसतं, मातीत जिरवायचं असतं. हे सगळं ती डोळे मिटून करी. वस्त्रांच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं आणि टेबलापलीकडच्या पातळ भिंतीमागे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरत असे. चौदा वर्षं त्या भिंतीतून मुलांचा कोरस तिच्या कानावर पडत होता. पंख्याच्या घरघरीकडे जितकं लक्ष जातं तितकंच तिचं त्याच्याकडे जाई.

वर्ग मास्तरांचा. मास्तर न्यायालयात कागदांच्या नकला करणारे कारकून म्हणून निवृत्त झालेले. हस्ताक्षर मोत्यासारखं, शर्ट पांढरा, नखं अर्धचंद्रासारखी कापलेली, खिशात स्पिरिटची छोटी बाटली. कुणाशी हस्तांदोलन केलं की वळून दोन थेंब तळहातावर. त्यांच्याकडे एक जाड वही होती. ख्रिस्तसभेच्या मोठमोठ्या धर्मपरिषदांनी जे जे नियम केले त्यांचा सारांश मास्तरांनी स्वतःच्या हातानं त्या वहीत उतरवला होता, क्रमांकासकट. एकोणीस वर्षं ते त्या वहीवरून शिकवत होते. पान उलटायला ते मधलं बोट जिभेला लावत, आणि त्या थुंकीनं वहीचा खालचा कोपरा फुगून, पिवळा पडून, ओल्या पावासारखा झाला होता. इतक्या स्वच्छतेच्या माणसाची ही एवढी एकच गोष्ट अस्वच्छ होती. पण ती वही, म्हणून तिला कुणी नावं ठेवत नसे.

पाठीमागे लोक त्यांना 'परिषद' म्हणत. "हळू बोला, परिषद येतेय." कुणी लग्नात कोणतं गाणं लावावं, कुणाच्या शवपेटीवर कोणती फुलं ठेवावीत, सगळ्यावर परिषदेचा ठराव तयार असे. खुद्द फादरसुद्धा एखादा अवघड प्रश्न आला की हसून म्हणत, "मास्तरांना विचारा. मला नेमणूक बिशपांची आहे, त्यांना थेट वरून."

घडीबाईचा नवरा या सगळ्यात कुठेच नव्हता. तो दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुणं, कापणं, बांधणं हे त्याचं काम. बाप्तिस्मा झालेला नाही, दुसराही कुठला देव नाही. लग्नाच्या वेळी बिशपांची लेखी परवानगी आणावी लागली, तेव्हा म्हणाला होता, "माझ्यासाठी एवढ्या वरच्या साहेबाची सही लागते हे मला आधी सांगितलं असतंस तर मी जरा भाव खाल्ला असता." मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यानं हरकत घेतली नाही. दवाखान्यातून आला की कपडे बदलून सासूच्या खोलीत जायचा आणि तिच्या पाठीचं ड्रेसिंग करायचा. सासू तिरसट. "जावईबापू, मेले नाही अजून, हळू." "मेल्यावर मी हात लावत नाही आजी, ते खातं वेगळं." असं त्यांचं चालायचं. तेरा वर्षांची लेक, जिला घरात बारकी म्हणत, ती ट्रे धरून उभी राहायची. जाळीच्या पट्ट्या कापून द्यायची. बापलेकीच्या गप्पा तिथेच व्हायच्या, त्या वासात.

यंदा बारकीचा दृढीकरण संस्कार होता, बाप्तिस्म्याला आईबापांनी दिलेला शब्द मुलानं स्वतः पक्का करायचा तो. बिशप स्वतः येणार, मुलांच्या कपाळाला तेल लावणार. त्याआधी वर्गातल्या हुशार मुलीनं बिशपांसमोर, भरल्या चर्चमध्ये, प्रश्नोत्तरं म्हणून दाखवायची अशी पद्धत होती. मास्तरांनी बारकीला निवडलं. घडीबाईला आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. तिचा स्वभावच तो. पोरीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ती मनातल्या मनात अपघात, दवाखाना, पोलीस सगळं उरकून मोकळी व्हायची. पोर विसरली तर? घसा बसला तर? ड्रेसर म्हणाला, "मी येतो त्या दिवशी. मागच्या बाकावर बसेन. विसरली तर खोकेन." चौदा वर्षांत तो पहिल्यांदा चर्चमध्ये येणार होता.

मग एका संध्याकाळी त्यानं नेहमीप्रमाणे हाक मारली, "मॅडम, ट्रे."

बारकी दारात आली, पण आत आली नाही.

"मी नाही धरणार."

"का? हात भाजला?"

"तुम्ही जे करता ते चांगलं नाहीये बाबा."

तो हसला. ती आजवर त्याला 'अरे बाबा' म्हणायची. हे 'तुम्ही' नवीन होतं. "काय चांगलं नाही? गाठ सैल बांधली?"

"ज्याची श्रद्धा नाही त्याची सगळी कामं पाप असतात. चांगली दिसणारीसुद्धा. चांगली दिसणारी जास्त. कारण त्यानं लोक फसतात."

आजी पालथी पडलेली होती. उशीत तोंड असतानाच म्हणाली, "म्हणजे माझ्या पाठीवर पाप चाललंय काय गं?"

ड्रेसरनं एका हातानं जखमेच्या कडा धरल्या, दुसऱ्या हातानं स्वतःच ट्रे ओढून घेतला. "जा, अभ्यास कर," एवढंच म्हणाला. घडीबाई दारामागे चादर घेऊन उभी होती. तिनं त्याची मान पाहिली. मानेवरून तिला नवरा कळायचा. ती मान अशी खाली गेलेली तिनं एकदाच पाहिली होती, त्याचा भाऊ गेला तेव्हा.

पुढच्या रविवारी इस्त्री करताना तिनं पहिल्यांदा भिंतीला कान दिला.

"विश्वास नसलेल्या माणसाची सत्कृत्यं?" मास्तरांचा आवाज.

"पापंच, मास्तर!"

"कोण म्हणतं?"

"परिषद!"

"परिषद चुकते?"

"कधीच नाही!"

सगळ्यात खणखणीत आवाज बारकीचा होता. इस्त्रीखालचं वस्त्र करपलं तेव्हा ती भानावर आली. आणि तिला आठवलं, हेच, याच चालीत, ती चौदा वर्षं ऐकत होती. प्रत्येक वर्षीची पोरं हेच ओरडत होती. तिच्या स्वतःच्या नवऱ्याबद्दल ओरडत होती. आणि ती घड्या घालत होती.

वर्ग सुटल्यावर ती आत गेली. मास्तर फळा पुसून हात स्पिरिटनं चोळत होते.

"मास्तर, बारकीला ते एक उत्तर सोडून बाकीचं म्हणू द्या. तिचे वडील येणार आहेत त्या दिवशी."

"मग तर म्हटलंच पाहिजे," मास्तर प्रेमानं म्हणाले. "बाई, तुमच्या ह्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. उलट! मागं माझ्या पायाला ती साखरेच्या आजाराची जखम झाली होती, सहा आठवडे तेच घरी यायचे ड्रेसिंगला. एक पैसा घेतला नाही. हात इतका हलका की कळायचंसुद्धा नाही. पाय वाचला माझा." त्यांनी तो पाय किंचित पुढे केला, चकचकीत बुटातला. "पण त्यांना त्याचा काय उपयोग? माझा पाय बरा झाला, त्यांच्या नावावर पाप चढलं. मला वाईट वाटतं हो."

त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात गोड पदार्थ खाल्ल्यासारखी ओल होती. तेव्हाच घडीबाईच्या पोटात ढवळलं. खाटकाच्या एप्रनानं जे झालं नव्हतं ते त्या बुटानं झालं. तिला त्या पायावरचा पू आठवला, नवऱ्यानं घरी येऊन वर्णन केलेला, पोटरीपर्यंत चढलेली लाली, आणि तो म्हणालेला, "वाचेल बिचाऱ्याचा."

"हे कुठं लिहिलंय?" तिनं विचारलं.

मास्तरांनी बोट जिभेला लावलं, पान उलटलं. "ट्रेंटची परिषद. सहावी बैठक, सातवा नियम. जा, कुणालाही विचारा." एकोणीस वर्षांत त्यांनी असे शेकडो क्रमांक दिले होते. क्रमांक ऐकला की माणसं मान डोलवून गप्प बसत. कुणी जाऊन बघत नसे.

घडीबाई गेली. तिला पटकन खात्री पटण्याचा रोग नव्हता, आणि डाग कुठून आला ते कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सोमवारी दुकान बायकांवर सोपवून ती मठाच्या वाचनालयात पोचली. तिथल्या सिस्टर म्हाताऱ्या, ऐकू कमी येणाऱ्या, जिभेनं तिखट.

"सहावी बैठक, सातवा नियम," घडीबाई ओरडून म्हणाली.

"ओरडू नका, मी बहिरी आहे, नियम नाही." सिस्टरांनी जाड ग्रंथ काढला, भिंगाखाली धरला आणि वाचला: "'जर कोणी असे म्हणेल की, देवाच्या कृपेने नीतिमान ठरण्यापूर्वी केलेली सर्व कृत्ये, ती कोणत्याही रीतीने केलेली असोत, खरोखर पापेच असतात किंवा देवाच्या द्वेषाला पात्र असतात...' पुढे थोडं आहे... 'तर तो शापित असो.'"

घडीबाईला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. "म्हणजे पापं असतात?"

"अहो, उलटं! श्रद्धेआधीची सगळी कामं पापं असतात असं जो म्हणेल तो शापित. परिषदेचे हे नियम सगळे असेच असतात. आधी दुसऱ्याची चूक सांगायची, मग 'असं म्हणेल तो शापित'. आता तुम्ही सुरुवातीचं 'जर कोणी म्हणेल' कापलंत आणि शेवटचं 'शापित असो' कापलंत, तर मधे काय उरलं? नेमकी ती चूक. सारांश केलाय वाटतं कुणी?"

"एकोणीस वर्षांपूर्वी."

सिस्टरांनी भिंग खाली ठेवलं. "आणि मुलं हे म्हणतात?"

"कोरसमध्ये."

"शी!" सिस्टर म्हणाल्या, आणि तो एवढा मनापासूनचा उद्गार होता की घडीबाईला रडू फुटलं. सिस्टरांनी तिला पाणी दिलं. मग सावकाश समजावलं. शापित म्हणजे नरकात गेला असं नाही; हे म्हणणं आमच्या घरचं नाही, ते धरून बसायचं असेल तर बाहेर उभा राहा, इतका त्याचा अर्थ. आणि सगळी कृत्यं पाप नाहीत म्हटलं म्हणून सगळी पुण्यच, असंही परिषद म्हणत नाही. जेवढं नाकारलं तेवढंच नाकारलं. "परिषद चुकत नाही म्हणतो ना आपण, ते फार थोड्या जागी. श्रद्धेची गोष्ट, सगळ्यांसाठी, कायमची म्हणून ठरवून सांगितलेली असेल तिथे. उरलेल्या जागी माणसंच असतात, शिंकणारी, भांडणारी. आणि तुमचे मास्तर कुठल्या परिषदेला हजर होते, ते विचारा त्यांना."

पानाची नक्कल घेऊन घडीबाई आधी फादरांकडे गेली. फादरांनी ते दोनदा वाचलं. हसू दाबलं. मग चेहरा गंभीर केला.

"अरे बापरे. बिचारे मास्तर."

"बिचारे?"

"नाही, चूक मोठीच आहे. पण बघा, दहा दिवसांवर बिशप आलेत. आता काढलं तर मुलांचा गोंधळ, पालकांचा गोंधळ. बिशप जाऊ देत, मग मी हळूच त्यांच्या कानावर घालतो."

"आणि तोवर माझी पोरगी बापाला भरल्या सभेत पापी म्हणेल?"

"बिशपांना कमी ऐकू येतं," फादर म्हणाले.

ते विनोद करत होते की सोय सांगत होते ते तिला कळलं नाही. खोलीत कॉफीचा आणि जुन्या गालिचाचा वास होता. या माणसाचे रुमालही ती धूत होती. तिला वाटलं, हात कोपरापर्यंत खरवडून काढावेत.

मास्तर वर्गात एकटेच होते. तिनं कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचला. नकलाकारकुनाची नजर, तिला ओळीची सवय. नजर शेवटच्या तीन शब्दांवर जाऊन थांबली. मग ते उठले, कपाटाच्या तळातून एक जुनी फाटकी वही काढली. पहिली वही. बोट जिभेला लावून पानं उलटली. सातव्या नियमापुढे, समासात, बारीक फुली होती. प्रत्येक ओळीपुढे होती. फुली म्हणजे शाप. कागद कमी लागावा म्हणून त्यांनी तेव्हा खूण ठरवली होती, आणि पुढे सुवाच्य नक्कल करताना, समास स्वच्छ दिसावा म्हणून, फुल्या गाळल्या होत्या. काही ओळी त्यांनी पुढे शिकवताना अंदाजानं सरळ करून घेतल्या होत्या. ही तशीच राहिली, कारण ही त्यांना आवडली होती.

दोघंही ती फुली बघत राहिले. घडीबाईला क्षणभर वाटलं, आता हा म्हातारा खाली बसेल, आणि आपल्याला त्याची दया येईल.

मास्तरांनी वही मिटली.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "चारशेच्या वर मुलं. त्यांचे आईबाप. तीन फादर बदलले. तुम्ही स्वतः, भिंतीपलीकडे. एकानं हरकत घेतली?"

"नाही."

"मग! सगळी श्रद्धावंत मंडळी मिळून एक गोष्ट मानत असेल तर ती चुकीची असू शकत नाही. हेसुद्धा शिकवणीतच आहे." आणि ते हसले, निकाल आपल्या बाजूनं लागल्यासारखे. खिशातली बाटली काढून त्यांनी दोन थेंब तळहातावर घेतले.

घडीबाई बाहेर आली, पायरीशी वाकली आणि ओकली. सकाळचा चहा, पाव, सगळं. कित्येक वर्षांनी. तोंड पुसताना तिला जाणवलं की त्या माणसाच्या बोलण्यातला एक शब्द खरा होता: तुम्ही स्वतः, भिंतीपलीकडे. तोंडातली कडू चव त्या शब्दाचीच होती.

घरी येऊन तिनं बारकीला समोर बसवलं आणि कागद तिच्या हातात दिला. पोर हुशार. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला. घडीबाईला वाटलं, आता रडेल, आता बापाकडे धावेल.

बारकीनं मान वर केली. तिचे डोळे चमकत होते.

"आई! म्हणजे मास्तर शापित!"

"बारके..."

"लिहिलंच आहे! जो म्हणेल तो! आई, मी बिशपांसमोर हेच वाचते. सगळ्यांसमोर. त्यांचं नाव घेऊन. मास्तरांचा चेहरा कसा होईल!" तिच्या ओठांच्या कोपऱ्यात तीच ओल होती.

घडीबाईला चपराक बसल्यासारखं झालं. तिनं पोरीच्या हातातून कागद हिसकावला. "जो म्हणेल तो ना? मग पहिली तू. वर्गात सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणत होतं? आणि दुसरी मी, ऐकून गप्प बसलेली. घे, तिघांना एका ओळीत उभं कर आणि घाल शाप. तोंडाला चटक लागलीय तुझ्या! काल बाप, आज मास्तर, उद्या मी. माणूस कोणताही चालतो तुला."

इतकं ती लेकीला कधी बोलली नव्हती. बारकी रडायला लागली, आता वेगळं, नाक वाहणारं. घडीबाईनं तिला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटत होतं, पण घेतलं नाही.

ड्रेसर आला, त्यानं हातपाय धुतले. बारकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, माझं चुकलं. ते तसं नव्हतं. परिषदेनं उलटं सांगितलंय. तुमची... तुझी कामं पाप नाहीत."

तो टॉवेलनं बोटांच्या बेचक्या पुसत राहिला. घडीबाईला वाटलं होतं, तो नेहमीसारखं काहीतरी गमतीचं बोलेल. तो खुर्चीवर बसला.

"बरं झालं परिषदेनं सांगितलं," तो म्हणाला. "पण एक सांग. गेली दोन वर्षं तू माझ्याबरोबर त्या खोलीत उभी होतीस. आजीची पाठ तू बघत होतीस, माझे हात बघत होतीस. मग वहीत निघालं पाप, तर तुला ते पाप दिसलं. आता ग्रंथात निघालं पाप नाही, तर आता दिसत नाही. उद्या तिसरं पुस्तक निघालं तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. वीट होता. खूप जखमा बघितलेल्या माणसाला एखादी जखम पुन्हा त्याच जागी फुटलेली दिसावी तसा.

घडीबाईला वाटलं, आपण मधे पडावं, "लहान आहे हो ती" असं म्हणावं. पण प्रश्न तिलाही होता. सोमवारी मठात जाऊन भिंगाखाली ती ओळ ऐकेपर्यंत तिनं तरी काय केलं होतं? नवऱ्याच्या मानेवरून तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी तिला कागद लागला.

दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. तिसऱ्या दिवशी बारकी आपणहून फादरांकडे गेली. घडीबाई धुतलेली वस्त्रं घेऊन मागोमाग होती. आता ही काय बोलते ही धास्ती तिला होतीच.

"फादर, मी प्रश्नोत्तरं म्हणणार नाही. आणि दृढीकरण या वर्षी नको."

फादर गडबडले. "अगं, मास्तरांशी मी बोललोय. ते उत्तर ते गाळायला तयार आहेत. चूक मान्य नाही त्यांना, पण गाळतील."

"ते नको. मला पुढच्या वर्षी चालेल."

"यादी बिशपांकडे गेली आहे. कारण काय लिहू?"

बारकीनं विचार केला. "अजून बघतेय, असं लिहा."

फादरांनी घडीबाईकडे पाहिलं, आईनं काहीतरी करावं म्हणून. घडीबाईनं वस्त्रांची परडी त्यांच्या टेबलावर ठेवली. "यात तुमचे रुमाल नाहीत," ती म्हणाली. "ते यापुढे बाहेर द्या. वेदीचं मी धुईन." आणि पोरीचा दंड धरून बाहेर पडली. यादीतून नाव गेलं, आता लोक काय म्हणतील, पुढच्या वर्षी घेतील की नाही, मास्तर कसला ठराव करतील, हे सगळं रस्ताभर तिच्या डोक्यात चालू होतं, आणि पोर शेजारून शांतपणे चालत होती.

घरी आल्यावर बारकी आजीच्या खोलीत गेली. ड्रेसर अजून यायचा होता. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं पहिल्यांदा, कुणी न सांगता, पांघरूण बाजूला करून ती पाठ नीट पाहिली. कडेनं गुलाबी नवी कातडी धरत होती, मधे अजून ओलं होतं.

"आजी, बाबा बांधतो तेव्हा दुखतं?"

"दुखतं की! जखम आहे, नक्षी नाही." आजी जरा थांबली. "पण तो आधी हात चोळून गरम करतो. तुझी आई गारच लावते."

"रोज गरम करतो?"

"तुला कसं ठाऊक नाही? तू तर तिथेच असायचीस."

"माझं लक्ष ट्रेकडे असायचं," बारकी म्हणाली.

घडीबाई दाराबाहेर उभी होती. गार हातांचा टोमणा तिला चांगलाच झोंबला. ती आत गेली नाही. तिनं आपले हात एकमेकांवर घासून बघितले. खरंच गार होते, आणि धुण्यानं खरखरीत. आतून पोरीचा आवाज आला, "आणखी काय करतो?" आणि म्हातारी, जिला दिवसभर कुणी काही विचारत नसे, उशीतून तोंड वळवून सांगायला लागली.